चोरून सुरू झालं, मग जीव गुंतला: तुमचे अनुभव लिहा

यावेळचा विषय अवघड आहे. लग्नाबाहेर लपूनछपून सुरू झालं, पुढे त्यात जीव अडकला, मग काय झालं? सांगली-साताऱ्याकडच्यांनी जरूर लिहा. इकडे कुठंही भेटा, चार पावलांवर कुणीतरी पाहुणं दिसतंच. नावगाव नको, प्रवचनही नको.

सांगली, गावभाग

हरिपूरच्या संगमावर भेटायला लागलो तेव्हा दोघांचीही लग्नं झालेली. खरं सांगते, सुरुवातीला नुसती हौस होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही सासूबाईंना घेऊन विश्रामबागला नणंदेकडे. माझा फोन बंद. तो मिरजेत. नंतर म्हणाला, "पातळी किती झाली तेवढंच बघत बसायचो. तुझी चौकशी करायची तर कुणाकडे, आणि कोण म्हणून?" तेव्हा मला कळलं, हौस कधीच संपली.

पाणी उतरल्यावर तो मदतीच्या टेम्पोतून आमच्या गल्लीत आला. बायकोनं करून दिलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. ह्यांच्याबरोबर दिवसभर गाळ उपसला. फुगलेलं कपाट दोघांनी मिळून दारातून आडवं काढलं, "जरा डावीकडं घ्या" म्हणत. मी जिन्यावर उभी राहून बघत होते. रात्री हे म्हणाले, "देवासारखा धावून आला बघ माणूस."

तेव्हापासून घरोबा. त्याची बायको मला ताई म्हणते, दिवाळीला फराळाचा डबा पाठवते. चकल्या तर अशा खुसखुशीत! आम्ही एकटे भेटणं बंद केलंय. संपलं म्हणाल, तर नाही.

सातारा, पुरुष, वय ५२

आमचं असं निभावलं नाही. ऑफिसातलीच होती. यवतेश्वरच्या रस्त्याला मेव्हण्याच्या मित्रानं बघितलं, संध्याकाळच्या आत सासुरवाडीला खबर. सासरे पोलिसात निघाले होते. वकिलानं बसवून सांगितलं, व्यभिचाराचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१८ लाच रद्द केलंय. आणि होतं तेव्हाही तक्रार त्या बाईच्या नवऱ्यानं करायची, बायकोला ती सोयच नव्हती. घटस्फोटाला मात्र कारण चालतं.

बायकोनं घटस्फोट मागितला नाही. बोलतही नाही फारशी. ऑफिसातली ती बदली घेऊन गेली. तिचा नंबर पाठ आहे, हीच पंचाईत.

कराड

मी पलीकडची, म्हणजे बायको. गावभागातल्या ताईंना एकच विचारते. चकल्या पाठवणारीला काहीच ठाऊक नाही, असं खरंच वाटतं तुम्हाला? मला सगळं ठाऊक होतं. पोरगी दहावीला होती, घरात तमाशा नको होता. मीही डबे पाठवायचे, आणि "ताई" म्हणायचे.