मदत हवी आहे: मुंबईच्या विद्यार्थी पत्रकारिता संमेलनाला मुलं न्यायची आहेत, पंचवटीने वेळेत पोहोचू का?

शाळेचं_भित्तिपत्रक
नमस्कार. शाळेच्या पत्रकारिता मंडळातली मुलं घेऊन नाशिकहून मुंबईला संमेलनाला जायचं आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर वेळेत पोहोचतो का? ऑनलाइन तिकीट काढायला बसले तर सहाच्या पुढे नावंच घेत नाही. कृपया लवकर सांगा, उद्या मुख्याध्यापकांना खर्चाचा कागद द्यायचा आहे.

पंचवटीकर
मॅडम, मुंबईत कुठे? नोंदणी किती वाजता? मुलं किती, त्यात मुली किती, त्याच दिवशी परत यायचं की मुक्काम? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

शाळेचं_भित्तिपत्रक
विलेपार्ले. शनिवारी साडेनऊला नोंदणी. चौदा मुलं. परत त्याच दिवशी.

पंचवटीकर
मग शनिवारची पंचवटी सोडून द्या. नाशिकरोडहून सातच्या सुमारास निघते आणि दादरला वेळेवर आली तरी दहा वाजून जातात. तिथे मध्य रेल्वेचा फलाट सोडून पुलावरून पश्चिमच्या फलाटावर जायचं आणि स्लो लोकल धरायची. फास्ट लोकल पार्ल्याला थांबत नाही, थेट अंधेरीला नेते, तिथून उलटं यावं लागतं. चौदा मुलं आणि सामान धरता अकरा वाजतील. उत्तरेकडून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या पहाटे नाशिकरोडला मिळतात, पण त्या तास-दोन तास उशिरा येणं नेहमीचं. साडेनऊच्या नोंदणीसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

द्वारका_सर्कल
रेल्वे कशाला? एसटीच्या आगारात प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण बस भाड्याने, गाडी मिळते. शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत आहे. शाळेच्या दारातून बसा, संमेलनाच्या दारात उतरा. जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे समृद्धी महामार्गाचा टप्पाही सुरू आहे, कसारा घाट टळतो. पहाटे चारला निघा.

पंचवटीकर
आमणे झालं की भिवंडी आणि ठाण्याचा माजिवडा आहेच ना! समृद्धीवर वाचलेला वेळ तिथे जातो. शिवाय पार्ल्याला जायला पूर्व द्रुतगतीवरून पश्चिमेला ओलांडावं लागतं. आणि करार चव्वेचाळीस आसनांच्या गाडीचा, किलोमीटरवर. सोळा माणसांसाठी माणशी खर्च काढून बघा.

द्वारका_सर्कल
दुसऱ्या शाळेला सोबत घेतलं तर परवडतं. आणि रात्री परतताना गाडी सुटायची भीती नाही. बक्षीस समारंभ कधी वेळेवर संपतो का?

सहलप्रमुख
दोघांचं बरोबर आहे, पण मूळ अडचण शनिवारच्या पहाटेची आहे. पहाटे चारला नववीची मुलं उठवून नेली तर दुपारच्या स्पर्धेत पेंगतात. शुक्रवारची पंचवटी धरा, मुक्काम करा. मॅडम, अजून सांगितलं नाहीत, मुली किती आणि सोबत शिक्षक किती? शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेतलीत का?

शाळेचं_भित्तिपत्रक
मुली नऊ. मी आणि एक सर. परवानगीचा अर्ज अजून दिलेला नाही, एका दिवसासाठीही लागते का? आणि तिकिटाचं कुणी सांगितलंच नाही.

सहलप्रमुख
लागते. मुलं शाळेच्या नावावर जिल्ह्याबाहेर जातात म्हणजे सहलच. अर्जाला जोडा: संमेलनाचं निमंत्रण, मुलांची यादी (इयत्ता, वय, पालकांचा मोबाइल), प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र, प्रवास आणि मुक्कामाचं वेळापत्रक. दहा मुलांमागे एक शिक्षक धरला तर दोघं चालतात, पण मुक्कामात मुलींच्या मजल्यावर दुसरी एक बाई हवीच. नाहीतर तुम्ही आजारी पडलात तर नऊ मुलींजवळ कुणी नाही. एखाद्या मुलीच्या आईला किंवा शिपाईताईंना न्या. संमतीपत्रात ॲलर्जी आणि रोजची औषधं विचारणारी एक ओळ घाला, ती छापील नमुन्यात नसते.

तिकिटाचं: एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, सहाच नावं बसतात. सतरा जणांचे तीन पीएनआर केलेत तर मुलं वेगवेगळ्या डब्यांत विखुरतात. त्यापेक्षा शाळेच्या लेटरहेडवर नाव, वय, लिंग अशी यादी करून नाशिकरोडच्या आरक्षण केंद्रातल्या पर्यवेक्षकांकडे गट-आरक्षण मागा. शैक्षणिक सहलीची विद्यार्थी सवलत चालू आहे. सेकंड आणि स्लीपरला सर्वसाधारण मुलांना ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ७५ टक्के. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट फक्त खिडकीवर मिळतं, ऑनलाइन नाही. सवलत मूळ भाड्यावर असते. आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार पूर्णच भरावा लागतो, म्हणून निम्मं गृहीत धरून मुख्याध्यापकांना आकडा देऊ नका. मोठ्यांचं भाडं पूर्ण धरा. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. पंचवटीत पासधारक भरपूर असतात, त्यामुळे वेटिंगवर असाल तर मुलं घेऊन आरक्षित डब्यात शिरायचं नाही.

गोदाकाठ
मुंबईत जाताच आहात तर शुक्रवारी मुलांना फोर्टात फिरवा. हॉर्निमन सर्कलजवळ मुंबई समाचारची लाल इमारत आहे, १८२२ पासून चालू असलेलं वृत्तपत्र. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण ६ जानेवारी १८३२ ला मुंबईतच निघालं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. सीएसएमटीपासून सगळं चालत होतं.

शाळेचं_भित्तिपत्रक
धन्यवाद, पण आत्ता मला वेळेचं आणि खर्चाचं हवं आहे.

खिळेजुळारी
स्पर्धा कोणत्या आहेत ते विचारा आयोजकांना. जागेवर बातमी लिहायची असेल तर हाताने की संगणकावर? संगणकावर असेल तर तिथे युनिकोड असणार आणि मुलांचा हात शाळेच्या जुन्या श्रीलिपी फॉन्टवर बसलेला असेल तर वेळ कळा शोधण्यातच जाईल. आजपासून इनस्क्रिप्ट कीबोर्डचा सराव द्या, रोज वीस मिनिटं. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की तोच येतो.

शाळेचा अंक दाखवायला नेणार असाल तर ए-थ्रीचं पान ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल होतं, फोटो त्या हिशोबाने घ्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली चित्रं छपाईत फुटतात, डॉक्युमेंट म्हणून मागवा. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, ठेवा. कोरलमध्ये पान केलं असेल तर छापखान्याला देण्याआधी कन्व्हर्ट टू कर्व्हज करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात, पण मूळ फाइल वेगळी ठेवून, कारण त्यानंतर मजकूर सुधारता येत नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर ओळ न् ओळ वाचा. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, दुसऱ्या आणि तऱ्हा यांतला ऱ तुटतो.

पंचवटीकर
हे मॅडमनी विचारलंच नव्हतं.

खिळेजुळारी
न विचारल्यानेच तर ऐनवेळी अडतं. पोस्टर पुन्हा छापायला पार्ल्यात रविवारी कोण दुकान उघडं ठेवणार?

पंचवटीकर
संमेलन शनिवारी आहे.

कायदा_वाचक
एक महत्त्वाचं. अंकात मुलांवरच्या अत्याचाराची किंवा मुलांनी केलेल्या गुन्ह्याची बातमी असेल तर नाव, शाळा, पत्ता, फोटो, ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आणि पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ शाळेच्या अंकालाही लागू आहे. 'आमच्या शाळेतली मुलगी' एवढ्यावरूनही गाव ओळखतं. छापण्याआधी एकदा या नजरेनं वाचून घ्या.

शाळेचं_भित्तिपत्रक
हे लक्षात नव्हतं, एक बातमी तशी आहे, पुन्हा बघते. शुक्रवारी जायचं ठरवलं तर राहायचं कुठे? आणि शनिवारी रात्री परत कसं?

सहलप्रमुख
आधी आयोजकांना फोन करा, बाहेरगावच्या संघांना अशा वेळी वसतिगृहात जागा देतात. लॉजवर गेलात तर प्रत्येक मुलाचं आधार किंवा शाळेचं ओळखपत्र मागतील, झेरॉक्स आणि मूळ दोन्ही न्या. चेक-इनची वेळ आधी विचारा. पंचवटीतून उतरून दुपारपर्यंत सामान घेऊन बसायचं नसेल तर स्थानकावरच्या क्लोकरूमला ठेवा. त्याला कुलूप लागलेली बॅगच घेतात. मग गोदाकाठ म्हणतात तसं फोर्ट बघून होईल.

पंचवटीकर
परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला. पार्ल्याहून दादरला यायचं तर पाचला निघा, शनिवार असला तरी संध्याकाळची गर्दी असतेच. बक्षीस समारंभ लांबणार असेल तर सातनंतर विदर्भ एक्सप्रेस आहे, नाशिकरोडला रात्री दहा वाजून जातात. तेव्हा सिटीलिंकच्या शहर बसच्या भरवशावर राहू नका. पालकांना नाशिकरोडला बोलवा, आणि ते संमतीपत्रातच लिहून घ्या.

लोकलमध्ये चढताना सगळे एका डब्यात घुसायचा प्रयत्न करू नका. आठ-आठचे दोन गट, प्रत्येक गटात एक मोठं माणूस. मुली महिला डब्यात, मुलगे सरांबरोबर. कुणी मागे राहिलं तर त्याने जागेवरून हलायचं नाही, मोठ्यांपैकी एकाने पुढच्या स्टेशनवरून परत यायचं. हे मुलांना नाशिकमध्येच सांगून ठेवा.

द्वारका_सर्कल
सतरा माणसांचे आठ-आठ कसे होतील?

पंचवटीकर
नाही होत. मुलींच्या गटात तुम्ही आणि दुसरी बाई, म्हणजे अकरा, सरांबरोबर सहा. आधीचा आकडा चुकला, हाच धरा.

शाळेचं_भित्तिपत्रक
शुक्रवार ठरला. आज आयोजकांना वसतिगृह, स्पर्धेचा कीबोर्ड आणि समारंभ संपायची वेळ विचारते. सवलतीचा फॉर्म कोरा कुठे मिळतो?

सहलप्रमुख
नाशिकरोडच्या आरक्षण केंद्रातच विचारा. जाताना शाळेचा गोल शिक्का आणि यादीच्या दोन प्रती घेऊन जा, शिक्का नसला तर परत पाठवतात. दुपारी जेवणाच्या वेळेत खिडकी बंद असते, सकाळीच जा.