बिंदुपथाच्या व्याख्येत 'सर्व' आणि 'प्रतलातील' नसलं तर काय बिघडतं?

कोरीपाटी:
लेकीचं अकरावीचं बिंदुपथ (म्हणजे दिलेली अट पाळणाऱ्या सर्व बिंदूंचा संच) प्रकरण चालू आहे. वर्तुळ म्हणजे प्रतलातील एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा संच, हे तिला पाठ आहे पण त्यातला 'सर्व' किंवा 'प्रतलातील' राहिला की सर लगेच मार्क कापतात. हा उगाच कीस नाही का? कर्कटक फिरवलं, वर्तुळ आलं, विषय संपला ना!

रिकामटेकडा:
सरांचं बरोबर आहे हो. नुसतं अर्धवर्तुळ काढा, त्यावरचा प्रत्येक बिंदू केंद्रापासून समान अंतरावरच आहे की, मग त्याला वर्तुळ म्हणायचं का? आणि 'प्रतलातील' काढलंत तर तीच अट हवेतही लागू होते, हातात येतो गोलाचा पृष्ठभाग. गंमत म्हणजे केंद्र स्वतः या संचात नाहीच, त्याचं स्वतःपासूनचं अंतर शून्य.

गणितवेडी:
+१. तपासणी दोन्ही बाजूंनी करायची. आकृतीवरचा प्रत्येक बिंदू अट पाळतो का, आणि अट पाळणारा एखादा बाहेर राहिला का. ए आणि बी हे दोन स्थिर बिंदू धरा, आणि कोन एपीबी ९०° असणारे सगळे बिंदू पी घ्या. एबी व्यास असलेलं वर्तुळ मिळतं, पण ए आणि बी सोडून! पी ए वरच ठेवला तर कोन कसला मोजणार? बरेच जण हे दोन बिंदू वगळायला विसरतात.

कोरीपाटी:
ओके पटलं. आता होमवर्कला एबी = ६ आणि पीए = २पीबी असं आलंय. ती म्हणते सरळ रेषा येणार.

गणितवेडी:
पीए = पीबी असतं तर रेषाच, एबीचा लंबदुभाजक. दुप्पट म्हटलं की वर्तुळ, ग्रीक गणिती अपोलोनियसचं वर्तुळ म्हणतात ते. ए (०,०), बी (६,०) घेऊन वर्ग करा: क्ष² + य² = ४[(क्ष − ६)² + य²], म्हणजे (क्ष − ८)² + य² = १६. केंद्र (८,०), त्रिज्या ४. पडताळायचं तर (४,०) घ्या, ए पासून ४, बी पासून २. (१२,०) ला १२ आणि ६.

रिकामटेकडा:
जमलं की तिला पीए + पीबी = १० द्या, लंबवर्तुळ येईल. मग १० च्या जागी ६ करा, फक्त रेषाखंड एबी उरतो. आणि ५ केलं तर रिक्त संच, कर्कटक पेटीतच राहू दे 😄