आकडा झाडाच्या खोडातही शोधतात

थाई लोक फुकटच्या पैशाच्या हव्यासापोटी लॉटरी खेळतात, हे मत मला पटत नाही. सरकारी सोडत दर महिन्याच्या 1 आणि 16 तारखेला निघते, तिकीट 80 बाथचं. पण खरा जीव गुंततो तो सोडतीत लागेल असा आकडा मिळवण्यात. बँकॉकच्या वाट महाबुत देवळात माए नाकचं ठाणं आहे, दंतकथेनुसार बाळंतपणात जाऊन भूत झालेल्या बाईचं. लोक तिला कपडे, बाळासाठी खेळणी वाहतात आणि शेजारच्या झाडाच्या खोडाला पावडर चोळून अंक उमटतोय का ते निरखत बसतात. बोटं पांढरी होईपर्यंत चोळतात, दोघं-तिघं मिळून वाद घालतात, हा तीन की आठ! मला त्यात हव्यासापेक्षा श्रद्धाच जास्त दिसली.

आणि तिकिटं विकणाऱ्यांत अंध, अपंग माणसं बरीच असतात. गळ्यात लाकडी पेटी अडकवून फिरणाऱ्या या लोकांचं पोट त्यावरच चालतं, हेही चर्चेत यायला हवं.