नवीन फ्लू कुठून कुठं पोचला याचा माग आपण सामान्य माणसांनी ठेवावा का? माझ्या मते ठेवावाच

वडगावकर

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी जगाचा नकाशा टाकला, लाल ठिपक्यांचा, खाली लिहिलेलं "नवीन फ्लू पसरतोय, काळजी घ्या". दहा मिनिटांत दोन तट पडले. निम्मे म्हणे मुलांना शाळेत पाठवूच नका आणि निम्मे म्हणे असले नकाशे टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढा. मला दोन्ही पटत नाही म्हणून इथं लिहितोय, जरा लांब होईल.

२००९ चा ऑगस्ट ज्यांनी पुण्यात काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ३ ऑगस्टला देशातला स्वाईन फ्लूचा पहिला मृत्यू आपल्याकडे झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. मग शाळा बंद, मॉल बंद, थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर ही गर्दी, मेडिकलमध्ये एन-९५ मास्क मिळेनात आणि लोक रुमाल बांधून फिरतायत. माझी मुलगी तेव्हा पाचवीत. तिला १०२ ताप होता आणि मी एका तपासणी केंद्राबाहेर तिला खांद्यावर घेऊन चार तास उभा. पुढचे मागचे सगळे खोकतायत. तेव्हा डोक्यात एकच, की हे एप्रिलमध्ये मेक्सिको-अमेरिकेत सापडलं, मे महिन्यात अमेरिकेहून हैदराबादला उतरलेल्या प्रवाशात सापडलं, म्हणजे आपल्याकडे येणार हे तीन महिने दिसत होतं, मग ताप आल्यावर काय करायचं हे मला रांगेत उभं राहून का कळतंय?

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. ते सापडलं कसं हे बघा. कॅलिफोर्नियात शेजारशेजारच्या दोन काउंटींमधली, म्हणजे जिल्ह्यांमधली, दोन मुलं, एक दहा वर्षांचा मुलगा आणि एक नऊ वर्षांची मुलगी, एकमेकांशी काही संबंध नाही, डुकरांशी नाही, दोघंही बरी झाली. पण त्यांच्या स्वॅबमधला फ्लू नेहमीच्या कुठल्याच टाईपमध्ये बसेना, म्हणून ते नमुने पुढं पाठवले गेले आणि अमेरिकेच्या सीडीसीत, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत, कळलं की हा वेगळाच आहे. साध्या तापाचा स्वॅब कुणीतरी घेतला आणि टाईप लागत नाही म्हटल्यावर तो फेकून दिला नाही, म्हणून जगाला कळलं. माग ठेवणं म्हणजे मी हे म्हणतोय. ते आपल्या गल्लीपासून सुरू होतं आणि लोकांनी ते मागितलं पाहिजे.

मृण्मयी_कोथरूड

दादा तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण मत अजिबात पटलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये मी बारावीत होते आणि आमच्या घरी आजी रोज टीव्हीवरचे आकडे बघून रडायची. आज पुण्यात इतके, मुंबईत इतके. त्या आकड्यांनी एकाचा तरी ताप उतरला का? उलट साधी सर्दी झालेला माणूसही धावत तपासणीला गेला, आणि तुम्ही ज्या रांगेत चार तास होतात ती रांग त्या आकड्यांनीच लावली होती असं मला वाटतं.

आणि तो आकडाही खरा नसतोच. २००९ च्या साथीत जगात लॅबमध्ये सिद्ध झालेले मृत्यू साधारण १८,५००. नंतर शास्त्रज्ञांनी अंदाज काढला तो पहिल्या वर्षातच दीड लाख ते पावणेसहा लाख! मग रोज जे मोजत बसलो ते काय होतं? जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः जुलै २००९ मध्ये देशांना सांगितलं की आता एकेक केस मोजून कळवू नका, त्यात सगळी ताकद जातेय. त्यांनीच सोडून दिलं तर आपण ग्रुपवर ठिपके मोजून काय साधणार?

डॉ_फॅमिलीवाला

चाळीसेक पेशंट रोज बघतो, त्यातले पावसाळ्यात निम्मे ताप-खोकला. खरं सांगतो, स्वॅब फार थोड्यांचा जातो. खाजगीत टेस्टला काही हजार लागतात, पेशंट विचारतो डॉक्टर याने औषध बदलणार आहे का, आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असतं. ऑसेल्टामिविर, म्हणजे फ्लूचं औषध, द्यायचं तर पहिल्या दोन दिवसांत, रिपोर्टची वाट न बघता द्यावं लागतं. म्हणून नकाशावर ठिपका तिथंच पडतो जिथं टेस्ट होते. २००९ ला पुणं इतकं लाल दिसलं त्यामागे साथ होतीच, पण एनआयव्ही, म्हणजे व्हायरस तपासणारी राष्ट्रीय संस्था, आपल्या गावात आहे, नमुना सकाळी घेतला की दुपारी लॅबमध्ये, हेही कारण असणार. ज्या जिल्ह्यात स्वॅबच निघाला नाही तो नकाशावर पांढराशुभ्र. पांढरं दिसलं म्हणून तिथं फ्लू नाही असं समजू नका, एवढंच.

हिंजवडी_फेज२

मला कळत नाही एवढी चर्चा कशाला. बाहेर काही सापडलं की तिथली विमानं बंद करा, एअरपोर्टवर ताप मोजा, संपलं. आमच्या ऑफिसात दर आठवड्याला कुणीतरी परदेशातून येतं आणि सरळ कँटीनला बसतं, राग येतो.

वडगावकर

हिंजवडी, राग समजतो पण फ्लूला हे चालत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस, आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो. लोहगाव विमानतळावर उतरताना कपाळ थंड आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताप. २००९ ला मेक्सिकोची विमानवाहतूक ४० टक्क्यांच्या आसपास घटली होती, तरी मॉडेलवरून नंतर निघालं की व्हायरस दुसऱ्या देशांत पोचायला जेमतेम दोन-तीन दिवस उशीर झाला.

मृण्मयीताई, आजींचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण जुलै २००९ चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. एकेक केस मोजणं सोडा म्हणाले, लक्ष ठेवणं सोडा म्हणाले नाहीत. कुठं अचानक गंभीर रुग्ण वाढतायत, कुठं व्हायरस बदलतोय, कुठं औषध लागू पडत नाहीये ते कळवा असं सांगितलं. मी तेच मागतोय. रोजचा आकडा मलाही नकोय.

शब्दांकित

मी वेगळ्या बाजूने विरोध करतो. माग ठेवा माग ठेवा म्हणताना त्याचं फळ कुणाला मिळतं? २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने बाहेर द्यायचं थांबवलं होतं. त्यांची तक्रार अशी की माणसं आमची मरतायत, व्हायरस आम्ही देतोय, त्यावरून बाहेरची कंपनी लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही. जगाने त्यांना दोष दिला, पण त्यांचं काय चुकलं सांगा. २००९ ला पण श्रीमंत देशांनी लस बनायच्या आधीच बुकिंग केलं. आपल्या पुण्यातल्या सिरम या लस कंपनीने नाकातून घ्यायची लस काढली ती २०१० मध्ये, तोपर्यंत पहिली लाट येऊन गेली होती. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला बदनामी आणि विमानबंदी, लस मात्र दुसऱ्याला. हे बदलत नाही तोवर कुठला देश मनापासून कळवेल?

डॉ_फॅमिलीवाला

मुद्दा बरोबर आहे, पण त्यातूनच २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेत करार झाला, की साथीचा धोका असलेल्या फ्लूचे नमुने देश देतील आणि ते वापरणाऱ्या कंपन्या लसीचा, औषधांचा, पैशांचा वाटा देतील. पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही. पण नमुने कुणीच दिले नाहीत तर लस बनणारच नाही, आपलीही नाही. फ्लूच्या लसीत कुठले व्हायरस घ्यायचे हे वर्षातून दोनदा ठरतं, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी, आणि ते जगभरच्या लॅबनी पाठवलेल्या नमुन्यांवरच ठरतं, त्यात एनआयव्ही पण आहे. २०२५ मध्ये काय झालं बघा, फेब्रुवारीत लस ठरली आणि त्यानंतर एच३एन२ या दरवर्षीच्या फ्लूचा नवा उपप्रकार, सबक्लेड के, जोर धरू लागला. जपान आणि ब्रिटनमध्ये सीझन नेहमीपेक्षा लवकर सुरू झाला. तो बदल दिसला तो सिक्वेन्सिंग, म्हणजे व्हायरसची जनुकं वाचणं, चालू होतं म्हणूनच. वयस्कर पेशंटला लस घ्याच सांगताना मला त्याचा उपयोग झाला. नेम थोडा चुकलेली लसही हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ बऱ्याच जणांवर येऊ देत नाही.

सासवडचा_शेड

माझा पोल्ट्रीचा धंदा आहे, वडिलांपासून. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला, नंदुरबार जिल्ह्यात, देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला. आमच्यापासून कित्येक शे किलोमीटर लांब. आमच्या शेडात एक कोंबडी आजारी नव्हती, तरी गिऱ्हाईक फिरकेना, खाद्याचं बिल तसंच, आणि वडिलांनी मिळेल त्या भावाला माल काढला, त्यातून उभं राहायला आम्हाला तीन वर्षं लागली. तुमच्या ग्रुपवरचा एक लाल ठिपका म्हणजे आमच्याकडे हे होतं. म्हणून नकाशे फिरवणाऱ्यांचा मला राग आहे, सरळ सांगतो.

पण लपवून ठेवा असंही मी म्हणणार नाही. २०२४ पासून अमेरिकेत हा बर्ड फ्लूचा एच५एन१ व्हायरस गायींमध्ये शिरलाय, दुधात सापडला. आपल्याकडे नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, जानेवारी २०२५ मध्ये कळलं. हा माणसामाणसांत पसरायला लागायच्या आधी पहिला कुणाला दिसणार? शेडात रोज सकाळी मेलेल्या कोंबड्या उचलणाऱ्या आमच्या गड्याला. पण मी फोन केला की आजूबाजूचे सगळे पक्षी मारणार, भरपाई कधी येईल आणि किती येईल त्याची खात्री नाही, तर किती जण फोन करतील तुम्हीच सांगा. भरपाई वेळेवर द्या, मग बघा कसा माग लागतो. पुण्यातल्या लोकांनी मागायचंच असेल तर आधी हे मागा.

मृण्मयी_कोथरूड

सासवड, हे मला माहीतच नव्हतं. अंडी तर आम्ही रोज खातो आणि २००६ ला आमच्या घरीही महिनाभर बंद केली होती, कुणासाठी काय होतंय याचा विचारही केला नाही. व्यवस्थित उकडलेलं, शिजवलेलं खाल्लं तर काही होत नाही हे तेव्हाही सांगत होते, आम्ही ऐकलं नाही.

पण बघा ना, माझं म्हणणं हेच. लॅबने, डॉक्टरने, शेडवाल्याने माग ठेवावा, नक्की ठेवावा, त्यांच्या हातात काहीतरी आहे. सामान्य माणसाच्या हातात नुसता नकाशा दिला की तो अंडी बंद करतो, मुलाला घरी बसवतो आणि शेजारच्या परदेशातून आलेल्याकडे संशयाने बघतो.

वडगावकर

ताई, माहिती कधीतरी एकदम अंगावर येते म्हणून माणूस घाबरतो असं मला वाटतं. रांगेतली ती माझी मुलगी आता जर्मनीत असते. तिथं फ्लूच्या सीझनमध्ये दर आठवड्याला सरकारी रिपोर्ट येतो, किती जण तापाने डॉक्टरकडे गेले, किती भरती झाले, कुठला व्हायरस चाललाय. ती मला पाठवते, मी भाषांतर करून वाचतो. तिथले लोक तो पावसाच्या अंदाजासारखा वाचतात म्हणे, वाढतंय दिसलं की आजीआजोबांकडे जायचं पुढं ढकलतात, लस राहिली असेल तर घेतात, आणि कामाला लागतात. कुणी अंडी बंद करत नाही. २००९ नंतर तोच स्वाईन फ्लूचा एच१एन१ आपल्याकडे दरवर्षीचा होऊन बसलाय, २०१५ ला देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळजवळ ३ हजार मृत्यू झाले, आणि त्या वर्षीही आमच्या ग्रुपवर लोकांना कळलं ते बातमी मोठी झाल्यावरच.

सासवडकर, तुमचं भरपाईचं मी धरून चालतो, माझ्या डोक्यात ते नव्हतं.

मी एक अर्ज लिहितोय, महापालिकेच्या आरोग्य विभागाला. जून ते मार्च दर सोमवारी एक पानाचा कागद, सोप्या मराठीत. शहरात ताप-खोकल्याचे पेशंट मागच्या आठवड्यापेक्षा वाढले की कमी, किती स्वॅब घेतले, त्यात कुठला फ्लू निघाला, बाहेरच्या देशांत काही वेगळं दिसतंय का, आणि स्वॅब कुठं फुकट घेतात. किती स्वॅब घेतले हा आकडा आधी हवा, नाहीतर डॉक्टर म्हणतात तसं पांढऱ्या नकाशाला आपण फसू.

डॉ_फॅमिलीवाला

त्यात वय टाका. पाचच्या खालचे आणि साठच्या वरचे वेगळे. गरोदर बायका पण. मी सही करतो, आमच्या भागातल्या अजून चार-पाच डॉक्टरांना विचारतो.

शब्दांकित

अर्जाला विरोध नाही. फक्त त्यात देशांची नावं लाल शाईत नकोत. १९१८ च्या साथीला स्पेनचं नाव चिकटलं ते तिथल्या पेपरांनी लपवलं नाही म्हणून, बाकीच्यांच्या बातम्या युद्धामुळे दाबलेल्या होत्या.

सासवडचा_शेड

भरपाईचा मुद्दा पशुसंवर्धन विभागाकडे जातो, महापालिकेकडे नाही. वेगळा अर्ज करावा लागेल. मी लिहितो, तुम्ही शुद्धलेखन बघा.

मृण्मयी_कोथरूड

दोन्हीवर सही करते. सोमवारचा कागद आजीच्या वयाच्या माणसाला वाचून भीती वाटणार नाही असा आहे का हे मी आधी आईला वाचायला देऊन बघेन, मग सांगते. नकाशाला विरोध आहे तो आहेच.