राष्ट्रपती भवनातली नोकरी: भाग्य की नुसती नोकरी?

उचगावकर:
काल इथं एकानं लिहिलं, "राष्ट्रपती भवनात ताटं उचलायची नोकरी मिळाली तरी जन्माचं सोनं. क्वार्टर, दवाखाना, शाळा सगळं आवारातच." वाचून डोकं फिरलं. 340 खोल्यांचा, व्हाइसरॉयसाठी बांधलेला वाडा. मेजवानीच्या दालनात 104 पाहुण्यांचं टेबल, भिंतीलगत हातमोजे घालून बटलर उभे. वरचा दिवा लागला की वाढायचं, दिवा बदलला की ताटं उचलायची. राबणाऱ्याला भाग्यवान म्हटलं की त्याच्या कामाचे तास कुणी विचारत नाही. आणि क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावंच लागतं.

शाहूपुरी तिसरी गल्ली:
पेन्शन, महागाई भत्ता, रजा हे काय फुकट मिळतंय? गोकुळ शिरगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडं माझा चुलतभाऊ आहे. पगाराची चिठ्ठीसुद्धा नाही. त्याला विचारा, दिवा बघून ताट उचलशील काय. आजच्या आज दिल्लीची गाडी धरंल.

पंचगंगा:
दिल्ली कशाला? आपल्याच कोल्हापूरच्या राजवाड्याचं बघा की. शाहू महाराजांनी 1902 ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांना 50 टक्के जागा राखून ठेवल्या. धनी असा असला की चाकराचं भलंच होतं.

उचगावकर:
त्याच महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सोबतच्या नोकरांनीच त्यांना फोडून काढलं. महाराज तेव्हा दिल्लीला होते. म्हणजे धनी गावात असंल तोवरच चाकराला संरक्षण!

पंचगंगा:
महाराजांचं नाव मध्ये आणू नका! परत आल्यावर मारणाऱ्यांना त्यांनी स्वतः चाबकानं फोडलं, ते कोण सांगणार?

उचगावकर:
सांगतो की. आणि पुढचंही सांगतो. गंगारामना त्यांनी चाकरीतून मोकळं केलं, भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं आणि लोकांदेखत तिथं चहा प्यायला जात राहिले. वाड्यातली चाकरी हेच भाग्य असतं तर महाराजांनी त्यांना बाहेर कशाला काढलं असतं? महाराजांचा मोठेपणा मला तिथं दिसतो.

पंचगंगा:
हे पटलं. पण तुमचा सूर पटला नाही.

राजारामपुरीची लेक:
माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासली. बोटांच्या बेचक्यात साबणानं भेगा पडायच्या, रात्री खोबरेल भरून झोपायची. घरेलू कामगार मंडळाचा कायदा 2008 चा, पण तिच्या एकाही मालकिणीनं त्याचं नाव काढलं नाही. राष्ट्रपती भवनातल्या माणसाला निदान सेवापुस्तक आहे. तेवढं तिला असतं तर तिनं कुणाचेही हातमोजे घातले असते. आणि इथं लिहिणाऱ्यांनी आधी सांगावं, आपल्या घरच्या मावशींना आठवड्याची पगारी सुट्टी देता काय?

शाहूपुरी तिसरी गल्ली:
दिवाळीला एक पगार जादा देतो. आठवड्याची सुट्टी नाही.

उचगावकर:
ताई, सेवापुस्तकाचं तुमचं म्हणणं मान्य. क्वार्टरचं माझं म्हणणं मात्र तसंच आहे.