मदत हवी आहे: जुन्या कॅराव्हॅनच्या बाहेरच्या पट्ट्या उघडून पुन्हा बसवू, की वरूनच सीलंट मारू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पाऊस सात आठवड्यांवर आलाय आणि माझी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) एका कोपऱ्यात उघडून पडली आहे. पुढे काय करायचं यावर घरात दोन मतं आहेत, म्हणून इथे विचारतोय.

गाडी ब्रिटिश बनावटीची, चासिसच्या पाटीवर १९७४ साल आहे. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात आंब्याखाली वर्षानुवर्षं उभी होती, तिथून घेतली. बॉडी साधारण चार मीटर लांब. आत लाकडी सांगाडा, बाहेरून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवुड. छत आणि बाजू जिथे मिळतात तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळलेली आहे आणि स्क्रूंची डोकी झाकायला पट्टीच्या खाचेत प्लास्टिकची रिबीन सरकवलेली आहे. अशा पट्ट्या सगळ्या मिळून सव्वीस मीटर भरल्या. खिडक्यांच्या चौकटी वेगळ्या.

गेल्या वर्षी मी चूक केली. एका कारागिराने सांगितलं की पट्ट्या हलवू नका, वरून सिलिकॉनचं सीलंट ओढून देतो, दहा वर्षं बघायला नको. मी हो म्हणालो. दिसायला छान झालं. जुलैत त्र्यंबककडून ढग आले आणि तिसऱ्या दिवशी पलंगाच्या डोक्याशी प्लायवुड फुगलं. गंमत अशी नाही की पाणी आलं, पाणी येणारच होतं. पण ते जोडाच्या खाली आलं नाही, जोडापासून तीन फूट लांब आलं! वरून आत शिरलेलं पाणी सांगाड्याच्या आडव्या पट्टीवरून वाहत जाऊन दुसरीकडेच उतरत होतं. मी आठ दिवस चुकीच्या जागी शोधत बसलो.

आता एप्रिलमध्ये मागचा डावा कोपरा उघडला. रिबीन ओढली तर ती बिस्किटासारखी तुटत गेली. खाली स्क्रू लोखंडी. निम्म्यांची डोकी हातात आली, निम्मे ड्रिलने काढावे लागले, आणि प्रत्येक भोकाभोवती पत्र्यावर पांढरी भुकटी. पट्टीखालची मूळ पुट्टी वाळून खडखडीत, नखाने उडते. आणि लाकूड! स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तर टोकाला चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं. वास तळघराचा. एप्रिलच्या उन्हातही ते लाकूड ओलं होतं, याचाच मला धक्का बसला. वरून मारलेल्या सिलिकॉनने पाणी आत येणं थांबवलं नव्हतं, आत आलेलं पाणी बाहेर पडणं मात्र थांबवलं होतं.

भाऊ म्हणतो, हा कोपरा दुरुस्त कर, बाकीच्या पट्ट्यांना हात लावू नकोस, एक उघडली की दहा कामं निघतील. मला वाटतं सगळ्या उघडाव्यात. पण मला खात्री हवी आहे.

आणि सामानाचा प्रश्न. पट्टीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरासारखी पट्टी) घालतात असं वाचलं. नाशिकच्या मे महिन्यात पत्र्यावर हात ठेववत नाही, ती टेप वितळून भिंतीवर ओघळणार नाही ना? त्यापेक्षा बस-बॉडीवाले वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट पट्टीखाली भरलं तर जास्त पक्कं होईल का? शिवाय जुनं सिलिकॉन पूर्ण निघत नाहीये, नवं काही लावलं की सोलून येतं. ते कसं काढायचं?

आईला एकदा या गाडीतून भंडारदऱ्याला न्यायचं आहे. तिने पडदे शिवून ठेवलेत. त्यामुळे घाईत चुकीचं करायचं नाही.

प्रतिसाद १

दादा, मी अंबडला बस-बॉडीच्या कामात वीस-बावीस वर्षं काढलीत. भावाचं ऐकू नका, सगळ्या पट्ट्या उघडा. एका कोपऱ्यातली पुट्टी वाळली म्हणजे सव्वीस मीटर वाळलीय, ती सगळी एकाच दिवशी बसवलेली आहे.

वरून मारलेलं का टिकत नाही ते सांगतो. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. थंडीत पहाटे पत्रा दहा अंशांवर असतो, मे महिन्यात भर दुपारी साठावर जातो. पन्नास अंशांचा फरक, चार मीटरचा पत्रा, हिशोब करा, साडेचार मिलिमीटरच्या वर हालचाल. आत लाकूड तेवढं हलत नाही. म्हणून जोडात कायम मऊ राहणारं, ताणलं तरी न सुटणारं काहीतरी लागतं. ब्यूटाइल सुकतच नाही, म्हणून ते पट्टीखाली. उन्हात मऊ होईल, दाबाने थोडं कडेला बाहेर येईल, पण ओघळणार नाही. दुकानात मागताना जपून मागा. गच्चीच्या पत्र्याला लावतात ती चंदेरी पाठीची नको, दोन्ही बाजूंनी चिकट, तीन मिलिमीटर जाडीची पाहिजे.

पॉलियुरेथेन पट्टीखाली अजिबात भरू नका. ते चांगलं आहे, पण ते चिकटवतं. पुढे कधी पट्टी काढायची वेळ आली तर पत्रा फाटून येईल. त्याची जागा बाहेर, पट्टीच्या वरच्या कडेला बारीक धार म्हणून. आणि तेही सकाळी, पत्रा थंड असताना. ते हवेतल्या दमटपणावर पिकतं, म्हणजे घट्ट होतं. आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये जास्त वेळ लागेल, तापल्या पत्र्यावर लावलं तर आत बुडबुडे धरतं.

एक गोष्ट लिहून ठेवा: खालची कड कधीही बंद करायची नाही. चुकून आत गेलेल्या पाण्याला उतरायला वाट पाहिजे. खिडकीचंही तसंच, वरची आणि दोन्ही बाजू सील, खालची मोकळी. तुमच्या कारागिराने चारही बाजू बंद केल्या, म्हणून लाकूड एप्रिलमध्येही ओलं.

प्रतिसाद २

काकांनी बरोबर सांगितलं. सिलिकॉनचं मी सांगते, कारण माझ्या ट्रेलरवर तेच भोगलंय (कोल्हापूर). लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास आला होता का? तसं असेल तर ते धातूला खातं. तुमची पांढरी भुकटी निम्मी लोखंडी स्क्रूंची असेल, निम्मी त्याची.

सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पातं नको, पत्र्याला ओरखडे पडले की तिथे पुढे खड्डे पडतात. मग सिलिकॉन रिमूव्हर लावून ठेवा, पुसा, पुन्हा लावा. नुसत्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने सिलिकॉन विरघळत नाही, ते शेवटच्या पुसणीसाठी. स्वच्छ झालं का ते पाण्याने कळतं: हबका मारला की पाणी सपाट पसरलं तर ठीक, थेंब गोळा होऊन घरंगळले तर अजून सिलिकॉन आहे. मला एका पट्टीला चार वेळा करावं लागलं. कंटाळा येतो, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया.

लाकूड सुकवल्याशिवाय बंद करू नका. ओलाव्याचं मीटर मिळतं, वीस टक्क्यांच्या वर बुरशी जगते, मी पंधराच्या आसपास आल्यावरच बंद केलं. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि सागाची पट्टी जोडा, कापलेल्या टोकांना प्रायमर द्या. स्क्रूची भोकं मोठी झाली असतील तर जाड स्क्रू घालू नका. लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, नवं भोक पाडा. स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, आणि प्रत्येकाच्या डोक्याखाली ब्यूटाइलचा वाटाण्याएवढा गोळा.

पट्टी आवळताना मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा. पहिल्या दिवशी पूर्ण आवळू नका. दुसऱ्या दिवशी ऊन खाल्लं की टेप बसते, मग पुन्हा एकदा. बाहेर आलेलं ब्यूटाइल आठवड्याने प्लास्टिकने कापा, उरलेलं टर्पेंटाइनने पुसा. रिबीन सगळ्यात शेवटी, आणि टोकांना थोडी जास्त ठेवा, ती उन्हाने आखडते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. भावाला प्रतिसाद १ वाचून दाखवला, हिशोब ऐकून तो गप्प झाला आणि रविवारी स्वतः ड्रिल घेऊन आला.

आत्तापर्यंतची खबर. मागच्या आणि डाव्या बाजूच्या पट्ट्या उघडल्या. मागच्या भिंतीत तीन फूट आडवं लाकूड गेलंय, डाव्या बाजूला फक्त खिडकीखाली हातभर. उजवी बाजू आंब्याच्या सावलीत होती म्हणून वाचली असेल असं वाटत होतं, पण एक फूट उघडून पाहिलं तर तीही ओली. ऊन न लागल्यामुळे तिथे सुकलंच नसावं. वास खरंच आंबूस होता, मला आठवतंय. टेप तीन मिलिमीटरची मिळाली.

एक शंका राहिली. बंद केल्यावर तपासायचं कसं? पाइपने पाणी मारलं तर आत कुठून आलं ते कळत नाही, गेल्या वर्षीचा अनुभव.

प्रतिसाद २

पाणी मारायचंच असेल तर खालून वर जा, एकेका जोडावर दहा मिनिटं. वरून सुरू केलं की सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. त्याहून चांगलं म्हणजे आतून हवा. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअर लावा, बाकीच्या जाळ्या आणि नाल्यांची भोकं चिकटपट्टीने बंद करा, आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे फुगे येतील तिथे खडूने खूण. फार जोराचा ब्लोअर नको, जुना पत्रा आहे. आतलं प्लायवुड बसवायच्या आधी हे करा.

धागाकर्ता

हे जमेल. लाकूड काल अठरा टक्के दाखवत होतं, आठवडाभर दुपारी पंखा लावून ठेवतोय. पंधरावर आलं की डाव्या बाजूपासून सुरुवात, पहाटे साडेसहाला. गंगापूर रोड किंवा सातपूर बाजूला कुणाकडे दोन दिवसांसाठी छोटा ब्लोअर मिळेल का? नेऊन आणून देईन.