मदत हवी आहे: तोच तुकडा परत परत वाजवणारा, बटणांचा छोटा प्लेयर (मोबाइल नको!)

वैतागलेली
सरळ मुद्द्यावर येते. छोटा म्युझिक प्लेयर हवाय. मोबाइल नको, टॅब नको, "घरातला जुना फोन वापर" तर अजिबातच नको. बटणं असावीत आणि न बघता दाबता यावीत. मधलाच एखादा तुकडा निवडला की तोच परत परत लागावा. हळू करता यावा. बंद करून चालू केला की होता तिथूनच पुढे सुरू व्हावा. एवढं सोपं काही बाजारात मिळत नाही का?
शनिवारी एक घेतला, आठशे रुपयांचा. त्यात गाणी लागतात, पण माझ्या कामाच्या फाइल दिसतच नाहीत. कॉम्प्युटरला जोडलं की दिसतात, प्लेयरवर गायब. दुकानदार म्हणाला कार्ड गेलंय. नवीन कार्ड घातलं, तेच रडगाणं. परीक्षा तोंडावर आहे. प्लीज लवकर सांगा.

निवांत
प्लेयर कोणता, कार्ड किती जीबीचं, फाइल कसल्या, त्या कार्डावर टाकल्या कशा?

कोथरूडकर काका
परीक्षा म्हणजे राज्यसेवा का? मग स्पष्ट सांगतो, कानात नोट्स घालून कुणी पास झालेलं मी पाहिलं नाही. टिपणं हाताने काढा, रोजचा अग्रलेख वाचा. आमच्या शेजारचा मुलगा अभ्यासिकेत दिवसभर हेडफोन लावून बसायचा, आता वडिलांच्या दुकानात बसतो.

वैतागलेली
काका, राज्यसेवा नाही.
निवांत, प्लेयरवर नाव काहीच नाही, मागे नुसतं "डिजिटल प्लेयर" छापलंय. कार्ड ६४ चं. फाइल ऑडिओच्या आहेत, आणखी कसल्या असणार? कॉपी-पेस्ट केल्या.

डॅपवेडा
आठशे रुपयांच्या खेळण्याकडून काय अपेक्षा ठेवणार? फियो, हायबी, शानलिंग यांचे डॅप, म्हणजे गाण्यांसाठीचे खास डिजिटल प्लेयर, बघा. फोनपेक्षा चांगली डॅक (डिजिटलचा आवाज बनवणारी) चिप, स्वतंत्र अ‍ॅम्प, २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइल आरामात. महागातल्या मॉडेलांना ४.४ मिमीचा बॅलन्स्ड जॅकपण असतो. एकदा वाद्यांमधली जागा ऐकलीत ना, की परत मागे जाणार नाही. बजेट सांगा, यादी देतो.

सोल्डरगन
उत्तर समोर आहे. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये (फाइल मांडायची नवी पद्धत) फॉरमॅट होऊन येतात आणि स्वस्तातल्या प्लेयरला फक्त जुनी फॅट३२ पद्धत कळते. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ च्या वर फॅट३२ चा पर्यायच दाखवायची नाही, म्हणून लोक अडकतात. ३२ चं कार्ड घ्या, विषय संपला.

निवांत
सोल्डर, त्या म्हणतायत की गाणी लागतात. गाणी त्याच कार्डावर आहेत का?

वैतागलेली
हो, त्याच कार्डावर, शेजारच्या फोल्डरमध्ये.

सोल्डरगन
मग कार्ड बनावट. ६४ छापलेलं असतं आणि आत ८ असतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड लिहून परत वाचतं, ते चालवा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने असंच कार्ड दिलं होतं. पहिली गाणी ठणठणीत, नंतरची सगळी बोंबलत.

निवांत
बनावट कार्डात फाइलचं नाव तरी दिसतं, वाजताना मधेच मान टाकते. इथे नावच दिसत नाही. म्हणजे प्लेयर त्या फाइलला ऑडिओ समजतच नाहीये. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर काय आहे?

वैतागलेली
टिंबच नाही. नावं अशी आहेत: पीटीटी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि आकडे. सगळ्या तशाच.

निवांत
ताई, हे आधी सांगायचं! पीटीटी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज. टिंबानंतरचं विंडोज लपवून ठेवतं, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा, "ओपस" लिहिलेलं असेल. हा एमपी३ नाही. बोलणं कमीत कमी डेटात पाठवायला हा फॉरमॅट फार चांगला आहे, पण २०१२ मध्ये प्रमाणित झालेला. स्वस्त प्लेयरच्या चिपला एमपी३, डब्ल्यूएमए, वेव्ह आणि फार तर फ्लॅक येतं. बाकी काही दिसलं की ती यादीतसुद्धा घेत नाही. कार्ड चांगलं आहे, प्लेयरही चांगला आहे.

वैतागलेली
ओपसच निघालं. मग दुकानदाराने दोन कार्डं का विकली मला?

बंड्या न्यू जर्सी
कारण तो दुकानदार आहे 😄

वैतागलेली
बरं, आता सांगून टाकते. परीक्षा गाण्याची आहे, गांधर्वची मध्यमा पूर्ण. गुरुजी दुसऱ्या गावी असतात, शिकवणी ऑनलाइन. आलाप-ताना ते व्हॉइस मेसेजने पाठवतात. केदार रागातली एक तान आहे, ती मला दोनशेदा ऐकायचीय, हळू ऐकायचीय आणि तिच्याबरोबर गायचंय. फोनवर ऐकायला घेतलं की मधेच सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू होते आणि अर्धा तास जातो. म्हणून मोबाइल नको. आता कुणी जुना फोन सुचवू नका.

पेणचा पोहा
जुना फोन फ्लाइट मोडवर टाका, सिम काढा, त्यात फक्त व्हीएलसी हा फुकट प्लेयर ठेवा. ओपस थेट वाजतं, वेग कमी करता येतो, ए-बी रिपीट (दोन खुणांमधला तुकडाच परत परत) पण आहे. खर्च शून्य.

वैतागलेली
🙏🙏 धागा वाचून प्रतिसाद द्या हो.

चाकवाला
मी सांगतो तो प्लेयर घ्या: जुना आयपॉड, २००५ चा पाचव्या पिढीचा. त्यातली १.८ इंची हार्डडिस्क काढून अ‍ॅडाप्टर लावला की एसडी कार्ड बसतं, नवी बॅटरी घालता येते, आणि वर रॉकबॉक्स टाकायचं. रॉकबॉक्स हे लोकांनी मिळून लिहिलेलं फुकट फर्मवेअर (प्लेयरच्या आतलं सॉफ्टवेअर), २००१ पासून चालू आहे, सुरुवात आर्कोसच्या प्लेयरवर झाली. त्यात ओपस चालतं, बुकमार्क आहेत, सूर न हलवता वेग बदलता येतो. आणि ते चाक! खिशात हात घालून अंगठा फिरवायचा, स्क्रीनकडे बघायची गरज नाही. तसं डिझाइन परत कुणाला जमलं नाही. अ‍ॅपलने २०१४ मध्ये क्लासिक बंद केला आणि २०२२ मध्ये टच, संपलं सगळं.

सोल्डरगन
चाकाचं कौतुक पुरे. बोटाला घाम आला की चाक वेड्यासारखं पळतं, हवा तो सेकंद गाठता गाठता जीव जातो. त्यापेक्षा सॅनडिस्कचा क्लिप प्लस शोधा. काडेपेटीएवढा, खरी दाबायची बटणं, मागे चिमटा, रॉकबॉक्स चढतं. फक्त क्लिप स्पोर्ट घेऊ नका, त्यावर चढत नाही.

चाकवाला
क्लिप प्लस आता नवा मिळतो का? आणि त्या एवढ्याशा स्क्रीनवर काय दिसणार?

सोल्डरगन
त्यांनीच लिहिलंय "न बघता". वाच की.

डॅपवेडा
मला कळत नाही, संगीत शिकणाऱ्या माणसाने आवाजाच्या दर्जावर तडजोड का करावी? गळ्यातली बारीक जागा, कण, मींड हे सगळं चांगल्या डॅकवरच

निवांत
डॅपराव, मूळ रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजचं आहे. गुरुजींच्या मागे पंखा फिरतोय. लाखाचा प्लेयर लावला तर पंख्याचं पातं न् पातं वेगळं ऐकू येईल, बाकी काही नाही.

डॅपवेडा
मत आपापलं.

तिरकिट
तबला वाजवतो, त्यामुळे थोडं तुकड्याबद्दल. "हळू" हा शब्द फसवा आहे. काही प्लेयर वेग कमी करतात तेव्हा सूरही खाली येतो, जुन्या टेपची बॅटरी उतरल्यावर यायचा तसा. निम्म्या वेगाला एक अख्खं सप्तक खाली, ते निदान चालतं, सा सा-च राहतो. पण पाऊण वेगाला हिशोब ३/४ चा होतो, म्हणजे सा थेट मंद्र पंचमावर. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गात असाल तर गुरुजी काळी दोनमध्ये ऐकू येतील. तानपुरा एकीकडे, तान दुसरीकडे. घेण्याआधी दुकानात हे तपासा: एखादी ओळखीची ओळ लावून वेग कमी करा आणि सोबत षड्ज लावा. हलला तर परत ठेवा.
दुसरं, पूर्ण फाइल रिपीटवर टाकलीत तर प्रत्येक फेरीत बारीक फट पडते. एमपी३ बनताना सुरुवातीला आणि शेवटी काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते, बरेच प्लेयर ती कापत नाहीत. ठेक्यासकट तुकडा असेल तर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ठेच लागते.

स्वरांजली
तानपुऱ्यासाठी राडेलचा सारंग बघा, आवाज गोड आहे. मी बरीच वर्षं वापरतेय. कव्हर मात्र वेगळं शिवून घ्या.

वैतागलेली
तानपुरा आहे माझ्याकडे.

गोरेगावची गोष्ट
तुम्ही सगळे चुकीच्या कपाटात शोधताय. त्यांना म्युझिक प्लेयर नकोच आहे, व्हॉइस रेकॉर्डर हवाय. पत्रकार आणि टायपिस्ट लोकांसाठी बनलेली वस्तू, त्यामुळे तोच तुकडा परत ऐकणं हे तिचं मुख्य काम. सोनीचा आयसीडी-यूएक्स५७० माझ्याकडे आहे. ए-बी रिपीट आहे, सूर जागेवर ठेवून वेग कमी-जास्त होतो. आत ४ जीबी, वर कार्ड घालता येतं, आणि यूएसबी अंगातूनच सरकून बाहेर येतो, केबल शोधायला नको. बटणं अंगठ्याला सापडतात. पुढचा शिकवणीचा तास थेट त्यातच रेकॉर्ड करा, व्हॉट्सअ‍ॅपची भानगडच संपेल. ओपस मात्र यातही चालत नाही, जुन्या फाइल एमपी३ करून घ्याव्या लागतील.

चाकवाला
रेकॉर्डरवर गाणी ऐकणार? श्या.

गोरेगावची गोष्ट
गाणी ऐकायचीच नाहीयेत त्यांना. गायचंय.

कोथरूडकर काका
गाण्याचं कळल्यावर पुन्हा लिहितो. विद्या गुरुमुखातून घ्यावी. आमच्या वेळी गुरुजी रेकॉर्ड करू द्यायचे नाहीत, एकदा ऐकून उचलायचं, नाही उचललं तर पेटी बंद करून उठायचे. दोनशेदा ऐकून गळा पोपट होतो. हळू करून ऐकणं तर फारच वाईट, तानेची चाल जाते.

तिरकिट
काका, तबल्यात आम्ही कायदा (तबल्याची एक रचना) आधी ठाय, म्हणजे संथ लयीतच घेतो, मग दुगुन, म्हणजे दुप्पट. हळू केल्याने चाल जात नाही, बोल साफ होतात.

कोथरूडकर काका
हातातून हळू काढणं वेगळं आणि यंत्राने ताणून हळू ऐकणं वेगळं.

तिरकिट
हा मुद्दा मान्य. यंत्राने फार ताणलं की गमकांचं (झुलवलेल्या सुरांचं) पीठ होतं. पाऊण वेगाच्या खाली जाऊ नका.

निवांत
वैतागलेली ताई, वरचं भांडण चालू द्या. नवीन काही विकत न घेता आज रात्रीच काम होईल. तो आठशेवाला प्लेयर ए-बी शिकवूनही शिकणार नसेल तर तुकडा कॉम्प्युटरवरच शिजवून द्या.
व्हीएलसीत मीडिया मेनूमध्ये कन्व्हर्ट / सेव्ह आहे, तिथे ओपस फाइल द्या आणि प्रोफाइल एमपी३ चं निवडा. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. बोलण्याच्या फाइल बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झच्या असतात आणि काही स्वस्त प्लेयर त्यावर मुकाट बसतात. आवाज मोनो आणि ६४ केबीपीएस पुरे, दोन मिनिटांची फाइल साधारण १ एमबी होईल.
मग ती फाइल ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तान तेवढी निवडा, बाकीचं कापा. वेगासाठी "चेंज टेम्पो" घ्या, शेजारीच "चेंज स्पीड" आहे, त्याने सूर खाली येईल, तिकडे जाऊ नका. तानेनंतर तुम्हाला गायला जेवढी जागा हवी तेवढी शांतता घाला, आणि मग "रिपीट" इफेक्टने पन्नासदा करा. एकच लांब फाइल होते, फट नाही, ठेच नाही. फाइलच्या नावात ०१, ०२ असे आकडे घाला.
होता तिथून सुरू होण्याचं मात्र त्या प्लेयरच्या मनावर आहे. सेटिंग्जमध्ये "रिझ्यूम" शोधा. मेनू चिनीतून भाषांतर झालेला असतो, त्यामुळे भलत्याच नावाखाली सापडेल.

तिरकिट
तानेनंतर गायला जागा सोडायची कल्पना भारी. फक्त ठेका असेल तर जागा आवर्तनाच्या (तालाच्या पूर्ण फेरीच्या) मापाने सोडा, त्रितालात असाल तर पूर्ण १६ मात्रा, नाहीतर दुसऱ्या फेरीला सम भलतीकडे जाईल.

वैतागलेली
झालं! प्लेयरवर दिसली आणि वाजली. केदारची तान पाऊण वेगात, मध्ये १६ मात्रा मोकळ्या. रिझ्यूम "मेमरी प्ले" नावाने सापडलं. ए-बी पण आहे म्हणे, "कॉपी वाचा" अशा काहीतरी नावाखाली, पण आता गरज नाही.
निवांत आणि तिरकिट, खरंच आभार. परीक्षा झाली की तो रेकॉर्डर बघते. गोरेगाव, त्यात तानपुरा मागे चालू ठेवून आवाज नीट येतो का? तुमच्याकडचं सेटिंग काय आहे?

गोरेगावची गोष्ट
मी मुलाखती घेते, तानपुरा कधी लावून पाहिला नाही. पण गोंगाट कमी करण्याचं जे फिल्टर असतं ते बंद ठेवा. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट असं त्याला वाटतं, तानपुऱ्यालाच खाईल.

पेणचा पोहा
धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्या गाडीत पेनड्राइव्हवरचा हरिपाठ क्रमाने लागत नाही. नावात आकडे घातलेत, तरी पाचवा अभंग आधी आणि पहिला नंतर. कुठला पेनड्राइव्ह घेऊ?

सोल्डरगन
पेनड्राइव्ह नवा नको. काही गाड्यांचे प्लेयर नावाकडे बघत नाहीत, फाइल ज्या क्रमाने कार्डावर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. पेनड्राइव्ह पुसा आणि अभंग एकेक करून, पहिल्यापासून, कॉपी करा. एकदम सगळे ओढून टाकू नका. कंटाळा असेल तर फॅटसॉर्ट नावाचं सॉफ्टवेअर तोच क्रम लावून देतं.

डॅपवेडा
गाडीसाठी पण एक चांगला डॅप आहे, ऑक्सने जोडायचा. बजेट सांगा.